अडवलेले मेल

आमच्या रुग्णालयातल्या मेट्रन कुसुमताई फसव्या मेललाही उत्तर द्यायच्या. परदेशातल्या कुठल्याशा विधवेनं आपली सगळी इस्टेट त्यांना देऊ केली, की कुसुमताई लिहायच्या, 'आपण आमची आठवण ठेवलीत, आभारी आहोत. सध्या गरज नाही.' असं उत्तर गेलं की पलीकडच्या भामट्याला कळायचं, या पत्त्यावर जिवंत माणूस बसलेलं आहे. मग असल्या मेलची रांगच लागायची. मी त्यांना समजवायला गेले, तर म्हणाल्या, "मंगला, अगं दारावर आलेल्याला निदान 'नको' तरी म्हणावं माणसानं."

मी जळगावातल्या एका धर्मादाय रुग्णालयात संगणक विभाग सांभाळला. धुळ्याला आमची शाखा होती आणि चाळीसगावला तपासणी केंद्र. तिन्ही ठिकाणची यंत्रं, त्यांना जोडणाऱ्या वायरी आणि येणारे-जाणारे मेल हे माझं खातं. नातेवाईक विचारायचे, "तू डॉक्टर नाहीस, नर्स नाहीस, मग दवाखान्यात करतेस काय?" मी सांगायचे, टपाल सांभाळते. ते हसायचे. मीही हसायचे. पण एक दिवस असा आला, की त्यानंतर मला ते सांगताना हसू आलं नाही. त्याच दिवसाबद्दल लिहायचं आहे.

आधी फिल्टर म्हणजे काय ते सांगते. कार्यालयात रोज जे मेल येतात, त्यातले निम्म्याहून जास्त कचरा असतात. काही नुसत्या जाहिराती, तर काही सरळ दरोडेखोर. फिल्टर नावाचा प्रोग्रॅम प्रत्येक मेल आत सोडण्याआधी तपासतो. पाठवणाऱ्याचा पत्ता ओळखीचा आहे का, त्या पत्त्यावरून मेल पाठवायचा अधिकार त्या यंत्राला आहे का, सोबत फाइल आहे का, ती कुलूपबंद आहे का, मजकुरात घाई केलेली आहे का. प्रत्येक संशयाला तो गुण देतो. गुण ठरावीक रेषेच्या वर गेले की मेल आत न सोडता वेगळ्या पेटीत ठेवतो. ती रेषा कुठे आखायची, एवढाच सगळा प्रश्न. वर आखली तर चोर आत येतात. खाली आखली तर पाहुणे बाहेर उभे राहतात.

रुग्णालयात हे आणखी अवघड. इतर कचेऱ्यांत औषधांची नावं आली की ती जाहिरात समजायची. आमच्याकडे औषधांची नावं नसलेला मेल सापडणं कठीण. आमचा पहिला, जुना फिल्टर शब्द बघून चालायचा. स्त्रीरोग विभागाचा अर्धा पत्रव्यवहार त्यानं अश्लील म्हणून बाजूला काढला होता. तिथल्या डॉक्टरीणबाई मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "मंगलाताई, तुमच्या त्या यंत्राला शरीरशास्त्र शिकवा." मी तो फिल्टर ढिला केला. पुढे बराच काळ ठीक चाललं.

मग धुळ्याला घाला पडला. रेकॉर्ड विभागात प्रमोदभाऊ होते. वयानं माझ्याहून मोठे, शिस्तीचे, केसपेपर कपाळाला लावून देतील असे. त्यांना मेल आला, की तुमच्या नावाचं कुरिअर पत्ता अपुरा असल्यानं अडकलं आहे, तातडीनं सोबतची फाइल बघा. त्यांच्या मुलीचं पार्सल खरोखरच यायचं होतं. त्यांनी फाइल उघडली. चहा संपायच्या आत शाखेतली एकेक स्क्रीन काळी होत गेली आणि प्रत्येकीवर खंडणीची एकच इंग्रजी पाटी आली.

सगळ्या माहितीची एक प्रत जळगावला होती म्हणून आम्ही उभे राहिलो. पण ते सगळं परत बसवेपर्यंत धुळ्याची शाखा कागद-पेन्सिलीवर चालली. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रुग्ण, आणि त्याचे आधीचे रिपोर्ट बघायला स्क्रीन नाही, असे प्रसंग आले. कोणी दगावलं नाही, ही डॉक्टरांची हुशारी. प्रमोदभाऊंना तोंडावर कोणी बोललं नाही, पण ते कॅन्टीनमध्ये आले की गप्पा थांबायच्या. ते मला म्हणाले, "ताई, आता मी काहीच उघडत नाही. जे असेल ते कागदावर द्या."

व्यवस्थापक चौधरी साहेबांनी मला बोलावून घेतलं. "नवा फिल्टर घ्या," ते म्हणाले. "कोणता घ्यायचा ते तुम्ही ठरवा. पण मला एकही चोर आत नको."

मी तीन कंपन्यांचे फिल्टर आजमावायला घेतले. एकाच वेळी नाही, एकामागून एक, आणि धुळ्यालाच, कारण जखम तिथे होती. पहिला जुन्यासारखाच ढिला निघाला, तो मी लगेच बाद केला. दुसरा पुण्याच्या एका कंपनीचा. त्यांचा प्रतिनिधी इस्त्रीच्या शर्टातला, नम्र, बोलण्यात पक्का. "मॅडम, आमच्यातून डास जाणार नाही," असं तो म्हणाला आणि ते खरं निघालं. आठवड्याभरात धुळ्याच्या सगळ्यांच्या पेट्या धुतल्यासारख्या झाल्या. डॉक्टर खूश झाले. प्रमोदभाऊ पुन्हा मेल उघडायला लागले. चौधरी साहेब सही करायला पेन काढून बसले होते. मी म्हटलं, "साहेब, तिसराही बघू द्या, आणि त्याआधी यानं काय काय अडवलं तेही बघू द्या."

"कचरा बघून काय करणार?" त्यांनी विचारलं.

"त्यात कचराच आहे का, ते बघणार."

एसटीनं मी धुळ्याला गेले. रेकॉर्ड विभागाशेजारच्या खोलीत बसून अडवलेल्या मेलची पेटी उघडली. लॉटरी, कर्ज, वजन कमी करा, केस वाढवा. ओळखीचा सगळा बाजार. मी भराभर खाली जात होते आणि एका मेलवर हात थांबला.

विषय इंग्रजीत होता. अत्यंत तातडीचं, ताबडतोब कृती आवश्यक. खाली बारीक अक्षरात 'नवजात तपासणी'. पाठवणाऱ्या प्रयोगशाळेचं नाव ओळखीचं होतं. मुंबईची ही प्रयोगशाळा, आमच्याकडे जन्मलेल्या बाळांच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब तिच्याकडे तपासणीला जायचे. पण मेलचा पत्ता नेहमीचा नव्हता. सोबतची फाइल कुलूपबंद. तिचा पासवर्ड पुढच्या मेलमध्ये पाठवत आहोत असं लिहिलेलं, आणि तो पुढचा मेलही याच पेटीत पडलेला. शेवटी एक फोन नंबर, 'या क्रमांकावर त्वरित संपर्क साधा.'

चोर ओळखायच्या ज्या खुणा मी कर्मचाऱ्यांना शिकवत आले होते, त्या सगळ्या या एका मेलमध्ये होत्या.

प्रमोदभाऊ माझ्या मागे येऊन उभे होते. ते म्हणाले, "ताई, उघडू नका. माझं असंच आलं होतं. असंच घाईचं."

मी माऊसवरून हात काढला. वरच्या मजल्यावर नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष होता, काचेच्या पेट्यांत बाळं होती. ही फाइल आत सोडली आणि ती चोराची निघाली, तर सगळी शाखा पुन्हा काळी होणार. सोडली नाही आणि ती खरी असली, तर कुठल्या तरी घरात एक बाळ आहे आणि त्याच्याबद्दल कोणाला काही तातडीनं सांगायचं आहे. तो मेल आदल्या दिवशी दुपारी आलेला होता.

या धंद्यातला एक साधा नियम आहे. ज्याच्यावर संशय आहे, त्यानंच दिलेल्या नंबरवर त्याची खात्री करून घ्यायची नाही. मी जिना चढून प्रसूती विभागात गेले. सिस्टरना म्हटलं, "टाचेच्या रक्ताचं ते किट येतं ना, त्याचा खोका द्या." त्यांनी कपाटातून खोका काढला. त्यावर प्रयोगशाळेचा नंबर छापलेला होता, मेलमधल्या नंबरपेक्षा वेगळा. मोबाइलवरून लावला. एंगेज. परत लावला. बराच वेळ संगीत वाजलं, मग 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' झालं, आणि कट. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. काय झालंय हे मी अजून कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण काय झालंय ते मलाच माहीत नव्हतं.

पुढच्या वेळी एक मुलगी बोलली. मी शाखेचं नाव सांगून विचारलं, "तुमच्याकडून काल आम्हाला मेल आलाय का?"

"मॅडम, धुळे ना?" ती म्हणाली. "कालपासून तुमच्या मॅटर्निटीचा फोन लावतोय आम्ही. नुसता वाजतो, कोणी घेत नाही."

मी टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावला. आत काहीच नव्हतं. बाहेर रस्त्याचं खोदकाम चाललं होतं, कुठे तरी केबल तुटली होती. सगळे आपापल्या मोबाइलवर बोलत असल्यामुळे टेबलावरचा फोन मेलाय हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"आणि तुमचा मेलचा पत्ता वेगळा का आहे?"

"बदललाय, मॅडम. तसं सगळ्यांना कळवलंय."

ते कळवणारं पत्रही नंतर मला त्याच पेटीत सापडलं.

तिनं आईचं नाव सांगितलं, बाळाची जन्मतारीख सांगितली. मग म्हणाली, "बाळाला दूध बंद करायला सांगा. आईचंसुद्धा. तुमच्या डॉक्टरांना फोन देता का?"

मी फोन हातात धरून बाह्यरुग्ण विभागाकडे गेले आणि दार न वाजवता डॉ. महाजनांच्या खोलीत शिरले. त्या बालरोगतज्ज्ञ, आवाज कधी न चढवणाऱ्या. समोर एक आई मुलाला घेऊन बसली होती. त्यांनी फोन कानाला लावला, ऐकलं, दोन प्रश्न विचारले, आणि समोरच्या आईला म्हणाल्या, "ताई, जरा बाहेर बसता का?"

मग मला त्यांनी थोडक्यात सांगितलं. काही बाळं अशी जन्मतात, की दुधातली साखर त्यांच्या शरीराला पचवताच येत नाही. दूध जितकं पोटात जाईल तितकं विष होतं. आधी यकृत बिघडतं, मग जंतुसंसर्ग होतो. "वेळेत दूध थांबवलं तर मूल वाचतं," त्या म्हणाल्या. "ही कधी घरी गेलीय?"

केसपेपर आला. बाळ-बाळंतीण दोघी घरी गेल्या होत्या. पत्ता पिंपळनेरच्या पुढे डोंगराकडचा एक पाडा. बापाचा मोबाइल बंद. दुसरा नंबर काकाचा होता, तो मजुरीला सुरतेत. तो म्हणाला, पाड्यावर रेंज नसते, टेकडीवर चढलं तर मिळते. डॉ. महाजनांनी पिंपळनेरच्या सरकारी दवाखान्यात फोन केला, तिथून त्या पाड्याच्या आशाताईंचा नंबर मिळवला. आशाताईंचा फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही.

डॉक्टर फोन टेबलावर समोर ठेवून पुढचे रुग्ण बघत राहिल्या. मी कोपऱ्यात स्टुलावर बसले. एखाद्या मुलाच्या छातीला नळी लावताना त्यांची नजर फोनकडे जायची. प्रमोदभाऊ दारात आले. "काय लागणार आहे बाळाला?" त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, सोयाबीनच्या दुधाची पावडर, आपल्या औषधाच्या दुकानात संपलीय. ते लगेच निघाले. नंतर कळलं, आग्रा रोडवरची औषधाची दुकानं एकेक करून ते स्कूटरवर फिरले होते.

फोन वाजला तेव्हा आम्ही दोघी एकदमच पुढे झालो. आशाताई लसीकरणाला बसल्या होत्या, म्हणून फोन घेतला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं तसं त्या उठून निघाल्या. मग पुन्हा वाट बघणं. पाड्यापर्यंत जायचं, आणि परत रेंजपर्यंत यायचं. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की तो मेल काल दुपारपासून तिथे पडला होता, आणि काल दुपारपासून ते बाळ दूध पीत होतं.

शेवटी आशाताईंच्याच फोनवरून बापाचा आवाज आला. तो टेकडी चढून आला होता, धाप लागलेली. "डॉक्टरबाई, पोरगी काल्हपासून दूध पेत नही. नुसती जपेल शे. डोया पिवया दिखतस."

नुसती झोपून आहे, डोळे पिवळे दिसतात. डॉ. महाजनांनी डोळे मिटले आणि उघडले. "दादा, नीट ऐका. तिला आता दूध पाजायचं नाही. गाईचं नाही, शेळीचं नाही, आईचंही नाही. गाडी पाठवायला सांगितलीय. लगेच निघा."

मागून एका म्हातारीचा आवाज आला, ती सोबत आली असावी. "मायनं दूध बी नही? आसं कोठे ऱ्हास का?"

तिचं काय चुकलं? तिच्या आयुष्यात आजाऱ्याला सगळ्यात आधी दूधच द्यायचं असतं. डॉक्टर म्हणाल्या, "आजी, मी समोर असते तर तुमच्या पाया पडले असते. ती माझ्यापर्यंत पोचेपर्यंत फक्त माझं ऐका. मग माझ्याशी भांडा."

आशाताई म्हणाल्या, "मी सोबत येते, मॅडम. पाजू देणार नाही." ग्लुकोजचं पाणी चमच्यानं कसं द्यायचं ते डॉक्टरांनी त्यांना समजावलं.

सूर्य कलताना गाडी फाटकात आली. आई मागच्या बाकावर एकटी बसली होती. बाळ पुढे आशाताईंच्या मांडीवर. बाळ जवळ असलं की आईला पान्हा फुटायचा, पदरावर ओल उमटायची, म्हणून ती आपणहून मागे जाऊन बसली होती. ती उतरली तेव्हा तिचं पोलकं भिजलेलं होतं. मी हात दिला, तिनं धरला, पण ती माझ्याकडे बघत नव्हती.

बाळ हळदीच्या रंगाचं होतं आणि मान टाकलेली. डॉक्टरांनी त्याला वर नेलं. प्रमोदभाऊ जिन्याच्या तोंडाशी पावडरचा डबा दोन्ही हातांत धरून उभे होते.

मी धुळ्यातच माझ्या मावसबहिणीकडे राहिले. पुढचे काही दिवस बरे नव्हते. यकृत सुजलेलं, रक्तात संसर्ग. रोज सकाळी मी आधी वर जायचे, मग खाली माझ्या यंत्रांकडे. एका सकाळी डॉ. महाजन जिन्यातच भेटल्या. म्हणाल्या, "रडली. चांगली जोरात रडली." एवढं सांगून त्या पुढे गेल्या.

ती मुलगी आता अंगणवाडीत जाते. पेढा, बासुंदी, ताक, काही चालत नाही. दिवाळीच्या आधी तिचा बाप डॉक्टरांना फोन करून विचारतो, यंदा काय गोड देऊ.

पुण्याच्या कंपनीचा प्रतिनिधी जळगावला बैठकीला आला. झालेलं सगळं मी सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, वाईट वाटलं. पण आमच्या फिल्टरनं काम चोख केलंय. तो मेल होताच संशयास्पद."

त्याचं म्हणणं खरं होतं. माझ्या जागी कोणीही असतं तरी तो मेल अडवलाच असता. चौधरी साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "मग चूक कोणाची?"

"कोणाचीच नाही, साहेब. म्हणून तर मला भीती वाटते."

तोवर मी तिसरा फिल्टरही लावून बघितला होता. तो थोडा जास्त कचरा आत सोडायचा. अनोळखी मेलवर पिवळी पट्टी लावायचा, फाइल आधी वेगळ्या बंद जागेत उघडून बघायचा. मला महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच. त्यानं जे अडवलं, त्याची यादी तो त्या त्या विभागाला रोज सकाळी आणि दुपारी पाठवायचा. नावं आणि विषय, बस. प्रसूती विभागाच्या सिस्टरला 'नवजात तपासणी' हे शब्द दिसले असते, तर तिनं माझी वाट बघितली नसती. पुण्याच्या माणसाला मी विचारलं होतं, "तुम्ही अडवलेलं कोण बघतं?" तो म्हणाला होता, "बघायची गरजच पडत नाही."

चौधरी साहेब म्हणाले, "हा घेतला तर कचरा वाढेल."

"वाढेल."

"आणि उद्या पुन्हा एखादा चोर शिरला तर?"

"शिरू शकतो."

"लोक मला विचारतील, मी तुमचं नाव सांगेन."

"सांगा," मी म्हटलं. त्यानंतर कित्येक महिने धुळ्याचा फोन आला की मी आधी विचारायचे, स्क्रीन चालू आहेत ना. एकदा एक चोर शिरलाही. एकच यंत्र गेलं, पसरायच्या आत आम्ही वायर काढली. चौधरी साहेबांनी माझं नाव घेतलं नाही, पण आठवडाभर माझ्याशी बोललेही नाहीत.

दुसरा फिल्टर काढून तिसरा लावण्याआधी मी त्याची सगळी पेटी मेल न् मेल वाचून काढली होती. त्यात एक मेल मराठीत होता. पहूरच्या एका माणसानं पाठवलेला. त्याच्या आईचं ऑपरेशन आमच्या धुळ्याच्या शाखेत झालं होतं. 'आईच्या टाक्यांतून पाणी येत आहे. हे बरोबर आहे का? फोटो जोडले आहेत. कृपया कळवावे.' अनोळखी पत्ता, तीन मोठ्या फाइली, इंग्रजी नसलेला मजकूर. गुण रेषेच्या वर गेले होते.

खाली नंबर होता. मी फोन केला. माझं नाव सांगितलं, आईंची तब्येत विचारली.

"बरी आहे आता," तो म्हणाला. "जामनेरला दाखवलं आम्ही. टाके परत घालावे लागले."

मी सांगायला लागले, की तुमचा मेल असा असा अडकला होता. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही कोणी तो वाचलाच नव्हता?"

"नाही, भाऊ. कोणीच नाही."

"बरं झालं सांगितलं," तो म्हणाला. "आई रोज विचारायची, उत्तर आलं का. मी तिला म्हणायचो, डॉक्टर कामात असतील. पण मनात वाटायचं, वाचलं असेल, आणि सोडून दिलं असेल."